फलाटाच्या कोपऱ्यावरची खूण

शुक्र. ३ फेब्रु. १९७८

सुट्टी. वारा, धूळ. कपडे धुऊन खोलीतच वाळत टाकले. कुरियन, खोलीतला दुसरा, भिंतीकडे तोंड करून झोपलेला. तो केरळचा, मी चिपळूणचा. आमच्यात हिंदी, तीही दोघांची मोडकी. दिवसाला आठ-दहा वाक्यं पुरतात.

दुपारी अब्बासभाईंकडे. स्टेशनामागच्या जुन्या दुकानांच्या ओळीत त्यांचं शिंप्याचं दुकान, मागे एक खोली. माणूस हर्णैचा. या अरब गावात आठवड्यातून एकदा मराठी बोलायची ही जागा. दुसरी नाही.

मागच्या खोलीतली चीर दाखवली. वरून खाली, तिरकी. नवी.

"सावंत, तुमच्या पंपांनी माजी भित उसवली."

"शिंपी आहात. घाला टाका."

"टाका माजा. दोरा कंपनीचा."

हसलो. मग ते हसायचे थांबले. बायकोला आणतायत. जैनब. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन वर्षांतून एकदा सुट्टी. एकत्र किती राहिले ते बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. त्यांचा कफील, इथला हमीदार, अबू फहद तयार झालाय. त्याच्या घरच्या बायकांचं शिवण करायला म्हणून तिचा व्हिसा काढतो. राहायचं याच खोलीत. ओळ त्याच्याच मालकीची.

"म्हनून इचारतो. भित कशी हाय? बाईमाणूस आणायचा हाय."

मोजतो म्हणालो. सर्व्हेअरला दुसरं काय येतं.

रवि. ५ फेब्रु.

आर.ई.ला विचारलं. आमचा रेसिडेंट इंजिनिअर, आयरिश, नीटनेटका, टेबलावर पेन्सिली एका रांगेत. स्टेशनामागची ओळ मोजणीत घ्यावी का? घे म्हणाला. रुळांखालून मोटारींचा रस्ता काढतोय, खड्ड्याला पाणी लागलंय, पंप थांबत नाहीत. आसपासच्या भिंतींवर नजर ठेवलेली बरी.

ओळीच्या पुढच्या भिंतींत, रस्त्याच्या बाजूने, पितळी खुंट्या बसवल्या. अब्बासभाईंच्या मागच्या खोलीत चिरेवर काचेची पट्टी, दोन्ही टोकांना प्लॅस्टर. भिंत हलली तर काच तडकते. काचेवर खिळ्याने तारीख कोरली. सवयीने मराठी आकड्यांत.

सगळ्या उंच्या जिथून धरायच्या ती पक्की खूण खजुरांच्या बागांपलीकडे, खडकावर. तिथून लेव्हल चालवत, टप्प्याटप्प्याने उंची मोजत, आणायची तर पूर्ण दिवस. फलाटाच्या कोपऱ्यावर, इमारतीच्या पायथ्याच्या दगडात, तीवरून घेतलेली दुसरी खूण आहे. आर.ई. म्हणाला, तीच वापर, स्टेशन कुठे पळून जात नाही. खरं आहे. जुनी, जाड, दगडी इमारत. शिवाय तिथे सावली. स्टाफ, मोजायची उंच पट्टी, धरणारा सालेह, यमनी, माझ्याहून वयाने मोठा. तो सावलीवर खूष.

बुध. १ मार्च

ओळीचे आकडे. फरक नाही. मागच्या वेळीही नव्हता.

घरून सुधाची, बायकोची, कॅसेट आली. ती, मग मुलगा. मुलाने पाठ केलेलं म्हणून दाखवलं: बाबा मी ठीक आहे, तुम्ही ठीक आहात ना. दुसऱ्या बाजूला नुसतं घर आहे. बंद करायचं राहिलं असणार. भांडी. कुकर. कुणी दार वाजवतं, सुधा 'आले' म्हणते.

ती बाजू पुन्हा लावली.

शुक्र. १० मार्च

अब्बासभाईंना सांगितलं, भिंत हलत नाही. पुढच्या खुंट्या जागच्या जागी, मागची काच शाबूत. चीर जुनी असेल, तुमचं लक्ष आत्ता गेलं असेल.

"कागदावर लिहून देऊ?"

"कागद कशाला? तुमी बोललाव, बास."

लगेच उठून खोलीचं माप घेतलं त्यांनी, कपड्याच्या टेपने. दोन कॉट मावतील का म्हणून. मी टेपचं दुसरं टोक धरलं. मावतात.

मग पडद्याचं कापड काढून दाखवलं. दुकान आणि खोली यांच्यामध्ये लावायला. हिरवं, जाड. मला विचारलं, बरा दिसेल? कुणी मला कापडाविषयी विचारावं असं हे पहिलंच.

सोम. २७ मार्च

स्टेशनाच्या उत्तरेला एका घराची कुंपणभिंत पडली. सकाळी. माणूस नव्हतं. एक शेळी गेली.

तासाभरात माणसं जमली. खड्ड्याच्या कडेला उभी राहून पंपांकडे बघत होती. आरडाओरडा नाही. अबू फहदही आला, काठी टेकत. मला ओळखतो, अब्बासचा दोस्त म्हणून. म्हणाला, मुहंदिस, तुम्ही पाणी वर काढता. जमीन त्या पाण्यावर बसली होती. आता ती कशावर बसणार?

मी मुहंदिस, इंजिनिअर, नाही, नुसता सर्व्हेअर, म्हणालो. त्याला तो फरक वाटला नाही.

खुंट्या पुन्हा पाहिल्या. फरक नाही.

शुक्र. ७ एप्रिल

वहिनी आल्या. हिरवा पडदा लागला. मी पडद्याच्या या बाजूला, अब्बासभाई दोन्ही बाजूंना.

तांदळाची भाकरी, सुक्या बांगड्याचं कालवण. बांगडा घरून आणलाय. पडद्यामागून आवाज: "भावजी, तिखट झालं का?" शाळेतली मराठी, स्वच्छ. अब्बासभाई उर्दू शाळेत गेलेले. त्या हर्णैच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत.

"तिखट नाही वहिनी. बरोबर आहे."

"खोटं बोलतायत ते," अब्बासभाई म्हणाले. "कान बघ, लाल झालेत."

"मी कशी बघू?"

यावर तिघं हसलो.

निघताना काचेची आठवण झाली. खोलीत आता जाता येत नाही, आणि मी म्हटलंही नाही. पडद्याकडे तोंड करून विचारलं, वहिनी, भिंतीवर काचेची पट्टी आहे, ती शाबूत आहे ना? थोड्या वेळाने उत्तर: "आहे."

वहीत लिहिलं, शाबूत.

मंगळ. १८ एप्रिल

स्टेशनाच्या वेटिंग रूममध्ये सभा. बलदियाचे, म्हणजे नगरपालिकेचे, दोन अधिकारी, आसपासचे घरमालक, दुकानदार. बाकं पुरली नाहीत, माणसं सामानाच्या ट्रंकांवर बसली. आर.ई.ने मोठा कागद टांगला. माझे आकडे, रेघ करून. रेघ सरळ.

सुदानी दुभाष्याने सांगितलं, जमीन हललेली नाही.

एक म्हातारा उठला. मग माझं दार लागत का नाही?

आर.ई. म्हणाला, लाकूड फुगतं.

दुभाष्याने ते सांगितलं. कुणीतरी हसलं. या कोरड्या हवेत ओठ फुटतात, लाकूड कसलं फुगतंय.

पुढे प्रश्न आलेच नाहीत. माणसं कागदाकडे बघत राहिली. मीही. इतकी सरळ रेघ मी याआधी काढलेली नाही. मशीद, बाजार, दुसऱ्या खुणांवरून मोजतो तिथे सगळीकडे पाव मिलिमीटर वर-खाली होतच असतं. हवा, उन्हाचा ताव, सालेहचा हात. इथे तेही फारसं नाही.

त्यावर विचार करायचा. उद्या.

शुक्र. २१ एप्रिल

विचार केला नाही. अब्बासभाईंकडे गेलो.

रीळ मशीनवरून पडलं आणि मागच्या पडद्याखाली गेलं. आतून वहिनींनी परत ढकललं. पुन्हा तिकडेच गेलं. अब्बासभाई म्हणाले, "तिचं पाय लागल्यापासना सगळं तिच्याकडं जातंय."

"काच?" मी.

"शाबूत आहे, भावजी."

जेवण. गप्पा. हर्णैच्या बंदरातला लिलाव, कोण मेलं, कुणाची बोट. माझ्याकडे सांगायला काही नसतं, तरी ते विचारतात. आज सुधाविषयी विचारलं वहिनींनी. तिला का आणत नाही? माझ्या ग्रेडला फॅमिली व्हिसा नाही म्हणालो. आत पातेल्यावर झाकण ठेवलं. मग, "आमचं नशीब म्हणायचं."

सुधासाठी कॅसेट भरायला बसलो. बोललो. लावून पाहिलं. माझ्या आवाजाहून एअरकंडिशनरचा मोठा. पुसली.

गुरु. ४ मे

सालेहचा भाऊ दम्मामच्या गाडीने गेला. दोघांनी मिळून पेटी डब्यात चढवली. सालेह परत आल्यावर म्हणाला, गाडीची पायरी उंच झाली. आधी गुडघ्याला होती.

मी म्हटलं, पेटी जड असेल.

तो म्हणाला, पेटी तीच आहे.

संध्याकाळी फलाटावर जाऊन बसलो. रूळवाले कामाला होते. रुळांखाली खडी ठासून रूळ वर उचलत होते. मुकादमाला विचारलं, हे कधीपासून? म्हणाला, या टोकाला नेहमीच, रूळ खाली बसतात, आम्ही परत वर घेतो.

रूळ वर घेतात. फलाट कोण वर घेणार?

उद्या शुक्रवार. खडकावर जायचं. सालेहला विचारलं. तो यल्ला, चल, म्हणाला, आणि मग, सुट्टीच्या दिवशी का?

शुक्र. ५ मे

खडकापासून फलाटापर्यंत लेव्हल चालवली. परत फलाटापासून खडकापर्यंत. बागांतून, पाटांतून, ऊन. सालेह दुपारच्या नमाजाला थांबला तेवढाच आराम.

फलाटाच्या कोपऱ्यावरची खूण खाली गेलीय. चव्वेचाळीस मिलिमीटर.

जी धरून सगळं मोजलं तीच बसली. ओळीच्या पुढच्या भिंती तिच्याबरोबर बसल्या, तितक्याच. म्हणून रेघ सरळ. मागच्या खोल्या खड्ड्याकडे, त्या जास्त बसल्या असणार. तिथे खुंटी नाही. तिथे फक्त काच.

अब्बासभाईंकडे गेलो नाही. या गावी आल्यापासून पहिला शुक्रवार.

शनि. ६ मे

आर.ई.ला दाखवलं. त्याने आकडे स्वतः पुन्हा बेरजेला घेतले. चष्मा काढला. पुसला. सगळं पुन्हा मोज म्हणाला.

मंगळ. ९ मे

पुन्हा मोजलं. तेच. एक मिलिमीटर जास्त.

आर.ई. म्हणाला, हेड ऑफिसला टेलेक्स करतो, उत्तर येईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. मी विचारलं, पंप? म्हणाला, पंप थांबवले तर खड्डा भरेल, खड्ड्याच्या भिंती आत येतील, मग स्टेशनच जाईल. ते खोटं नाही. मग म्हणाला, तिथे तुझं कोणी राहतं का?

नाही म्हणालो.

का म्हणालो, माहीत नाही.

शुक्र. १२ मे

सरळ गेलो आणि काच बघायची म्हणालो. स्वतः. अब्बासभाईंनी वर पाहिलं, मग आत आवाज दिला. वहिनी मोरीकडे गेल्या. मी पडदा ओलांडला.

खोली घर झालीय. कॉटवर गोधडी. खिडकीत डब्यात लावलेली मिरची. चिरेवर काच, शाबूत. प्लॅस्टर पांढरं, ताजं. तारीख माझी, ५-२-७८, मराठी आकड्यांत. पण माझ्या पाचाला पोट नसतं. हा पाच शाळेतल्या पाटीवरचा, गोल, वळणदार.

"बरी हाय ना?" अब्बासभाई.

मोरीतला भांड्यांचा आवाज बंद झालेला होता.

"दिसते शाबूत," म्हणालो.

असरच्या, दुपार कलल्यावरच्या, नमाजाला ते दुकान बंद करून मशिदीत गेले. दर शुक्रवारी मी बाहेर पायरीवर बसतो. बसलो. शटरच्या आतून, अगदी जवळून, वहिनींचा आवाज.

"भावजी, तुम्ही ओळखलंत."

"हो."

"दोनदा फुटली. पहिली मी आले त्याच आठवड्यात. शोकेसची फुटकी काच दुकानात पडून होती, तिचीच पट्टी घेतली."

"त्यांना?"

"त्यांना नाही सांगितलं. सांगितलं तर उद्याच्या विमानात बसवतील मला. ओळखता तुम्ही त्यांना."

रस्त्यावर कुणी नव्हतं. दुकानं बंद. मी समोर बघत बोलत होतो.

"वहिनी, ती भिंत—"

"मला दिसते ती. मी दिवसभर तिच्यासमोर असते. आधी चिरेत सुई जायची, आता कात्रीचं टोक जातं. तुम्ही मोजलंत, तुमचं काय निघालं?"

"खाली चाललंय. माझं आधीचं सगळं चुकलं."

"पडेल कधी?"

"सांगता येत नाही. नाहीही पडणार. उद्याही पडेल."

"नऊ वर्षं मी त्यांना पत्रातून ओळखते, भावजी. ते घोरतात हे मला इथे येऊन कळलं."

अब्बासभाई येताना दिसले. शटरच्या आत पावलं मागे गेली.

चहा झाला. माझ्या कपात दोन चमचे साखर, विचारल्याशिवाय.

रवि. १४ मे

टेलेक्सला उत्तर नाही.

कंपनीला मी गप्प बसायला हवाय. वहिनींनाही. अबू फहदला भाडं येतंय. आणि मी. ती दोघं गेली तर शुक्रवारी मी कुठे जाणार, हा विचार आज मोजणी चालू असताना आला. दुर्बिणीला डोळा लावलेला. सालेहने स्टाफ हलवला, मी आकडा घेतला नाही. पुन्हा धर म्हणालो.

बुध. १७ मे

कुरियनला सांगितलं. हिंदीत. सगळं नाही, एवढंच, की एका घरात माणसं आहेत आणि घर धड नाही. तो म्हणाला, तो बोल दो ना. मग कूस बदलून झोपला. त्याला हे इतकं सोपं दिसतं. बहुधा आहेही.

शुक्र. १९ मे

सांगितलं.

अब्बासभाई थोबची, अरबी झग्याची, बाही लावत होते. मी म्हटलं, मशीन जरा थांबवा. थांबवलं. फलाटाच्या खुणेचं सांगितलं. कसं सांगावं कळेना. त्यांनी मध्येच हात वर केला, टेप गळ्यातून काढला.

"म्हंजे कापड आटलं नि टेपबी तेवढाच आटला."

"हो."

"मंग तुमाना माप बरोबरच येनार."

"बरोबरच आलं. तीन महिने."

ते टेपकडे बघत राहिले. मग मान हलवली. "पन काच तर शाबूत हाय, सावंत. काच काय फलाटावर नाय. काच माज्या घरात हाय. ती खोटं बोलंल काय?"

मी पडद्याकडे पाहिलं नाही.

पडद्यामागून: "काच मी बदलली."

त्यांना समजायला वेळ लागला. मग ते उठले, पडद्यापर्यंत गेले, पडदा न उघडताच उभे राहिले.

"कवा?"

"दोनदा."

"सावंतांना म्हायती होतं?"

याचं उत्तर मी दिलं. "मागच्या शुक्रवारी कळलं."

"आठ दिस." ते माझ्याकडे वळले. राग नव्हता. मापाला आलेल्या, सोबत पैसे न आणलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतात तसा आवाज. "तुमी जा आता, सावंत. नमाजाची वेळ झाली."

झाली नव्हती.

सोम. २२ मे

हेड ऑफिसचं उत्तर आलं. आर.ई.ने बलदियाला पत्र दिलं. खड्ड्याला नवे आधार लागणार, पंप चालूच राहणार, स्टेशनामागची ओळ रिकामी करायची. 'खबरदारी म्हणून.' आकडे पत्रात नाहीत. मी विचारलं, का नाहीत? तो म्हणाला, पत्र पुरेसं आहे. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, मीच फलाट धर म्हणालो होतो ना?

दोघांनीही म्हटलं होतं, मी म्हणालो. सावली होती.

शुक्र. २६ मे

ओळीत सामान बाहेर निघतंय. लोखंडी खाटा, फ्रिज, न्हाव्याची खुर्ची. माणसं स्टेशनच्या भिंतीला हात लावून बघतात, जणू आजारी माणसाचं कपाळ. दोन-तीनदा मला अडवलं. मुहंदिस, आमची गल्ली? पलीकडची? शाळा? मी म्हणालो, मोजतोय. 'रेघ सरळ आहे' असं म्हणालो असतो तर त्यांनी ऐकलं नसतं, आणि ते बरोबर झालं असतं.

अब्बासभाईंचं दुकान उघडं होतं. आत गेलो नाही. ते बाहेर आले. हातात माझी विजार, गेल्या महिन्यात दिलेली.

"झाली कवाच."

"कुठे जाणार?"

"अबू फहद म्हनतो, ती माज्या घरात ऱ्हाईल बायकांत, तू दुकानवाल्या पोरांत झोप. म्हंजे परत तेच. एकाच गावात ऱ्हाऊन परत तेच. नायतर तिला घरी धाडा, म्हनतो." विजार माझ्या हातात दिली. "मंगळवारच्या गाडीनं दम्माम. तिकडं माज्या गावचा हाय एक. बघतो."

"अब्बासभाई—"

"तुमच्यावर राग नाय, सावंत. तुमी सांगितलाव म्हनून तिला आनली. तुमी सांगितलाव म्हनून धाडायची. तुमी सांगताव, आमी करतो. आता जरा काय सांगू नका."



मंगळ. ३० मे

कामावरून अर्धा तास मागून स्टेशनला गेलो. दम्मामची गाडी वेळेवर. फलाटावर एक लाकडी पायरी ठेवलीय आता, प्रवाशांसाठी. डबे पाहिले, सगळे. बायका वेगळ्या बसलेल्या, तिकडे पाहिलं नाही, पण अब्बासभाई कुठेच नव्हते. गाडी गेली.

कदाचित मोटारीने गेले असतील.

कॅसेट भरली. सुधाला सांगितलं, मी ठीक आहे, काम ठीक आहे, ऊन वाढलंय. या वेळी पुसली नाही. आणखी काही बोलायचं सुचेना म्हणून टेप चालूच ठेवून बसलो. तिलाही दुसऱ्या बाजूला नुसती खोली ऐकू येईल.

गुरु. १ जून

अबू फहदने ओळीला कुलपं लावली. मी होतो. प्रत्येक शटर खाली ओढून तो काठीने ठोकून बघत होता. अब्बासच्या शटरपाशी थांबला. म्हणाला, चांगला शिंपी होता. मला म्हणाला. मी विचारलं, दम्मामला गेला का? त्याने खांदे उडवले. मला सांगून गेला नाही. इकामा, राहायचा परवाना, माझ्या नावावर, कुठे जाईल?

खलास म्हणाला, आणि पुढचं शटर.

शुक्र. २ जून

दुपारी कुठे जावं कळेना. कपडे धुतले. इस्त्री केली. कुरियन झोपलेला. पाय आपोआप तिकडे गेले.

पुढून कुलूप. मागच्या गल्लीत गेलो. गल्लीत आता कोणी नाही, पाण्याचे पिंपही नेलेत. भिंतीला खाली एक नवी चीर, बाहेरून दिसणारी. मागची खिडकी कापड लावून बंद केलेली, मोरीच्या दाराला आतून कडी. मिरचीचा डबा नाही.

आत मशीन चालू होतं. शिलाईचं. थोडं चालायचं, थांबायचं, कापड फिरवलं की पुन्हा.

खिडकीजवळ जाऊन हाक मारली, हळू. अब्बासभाई.

मशीन थांबलं.

मी सावंत, म्हणालो. एकटाच आहे.

आत कुजबूज, किंवा नसेल. मी थांबलो. भिंतीला हात टेकला होता, मग काढला. खूप वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं.

उद्या सकाळी बलदियाची माणसं ओळ बघायला येणार. आर.ई.ने मला सोबत जायला सांगितलंय. ते कुलपं बघतील, मागच्या गल्लीत फार तर डोकावतील. त्यांना अरबीत एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि तो ते मला विचारतील. आत कोणी आहे का?